ऑर्लबरीचं छत

“आत जाऊ नका,” रखवालदार वॉल्टरनं दारातच हात आडवा धरला. “अजून पडतंय.”

लतिकानं त्याच्या हाताखालून वाकून आत पाहिलं. जानेवारीतली सकाळ होती, खिडक्यांबाहेर न्यू जर्सीच्या टेकड्या बर्फानं पांढऱ्या झाल्या होत्या, आणि आतली जमीनही तितकीच पांढरी होती. माळ्यावरचा पाण्याचा पाइप थंडीनं फुटला होता. पाणी छतावर साचत गेलं आणि चारशे वर्षांचा गिलावा स्वतःच्याच ओझ्यानं खाली आला. पाच खणांच्या छतातले दुसरा आणि तिसरा असे दोन खण नाहीसे झाले होते. वर नुसत्या ओल्या लाकडी पट्ट्या दिसत होत्या आणि खाली चुन्याचा चिखल.

“मार्जरीला कळवलं. सफाईवाले येताहेत,” वॉल्टर म्हणाला.

“त्यांना परत पाठव.” लतिकाचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “इथे कुणी झाडू मारायचा नाही. एक तुकडाही फेकायचा नाही. बेकरीत असतात तसले मोठे ट्रे मिळतील तेवढे आण.”

आणि वॉल्टरचा हात बाजूला सारून ती आत गेली, गुडघ्यांवर बसली, आणि चिखलातून पहिला तुकडा तिनं उचलला. जलपरीचा कोपर होता तो.

ऑर्लबरी हॉल हे घर मुळात अमेरिकेचं नव्हे. पश्चिम इंग्लंडमधल्या एका लोकर-व्यापाऱ्यानं ते बांधलं, दगड आणि तांबड्या विटांचं, इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराचं. त्याच्या नातवंडा-पतवंडांनी त्यात आपापल्या हौसेनं भर घातली. मग पहिलं महायुद्ध आलं. घरातले दोन्ही मुलगे परतले नाहीत, आणि मागे राहिलेल्या विधवेला एवढं मोठं घर चालवणं जमेना. तिनं ते मोडीत काढलं. पूर्वेकडच्या भागाचे दगड रस्त्याच्या भरावात गेले, छपराचं शिसं वितळवलं गेलं. गावात उरला तो फक्त नोकरांकडचा कोपरा, जिथे पूर्वी लोणी काढत. दर्शनी कमान, ओकचा जिना आणि तळमजल्यावरची मोठी बैठक, जिला तिथे ‘ग्रेट पार्लर’ म्हणत, एवढं मात्र न्यू जर्सीच्या एका रेशीम गिरणीवाल्यानं विकत घेतलं. खोक्यांमध्ये भरून, जहाजानं आणून, त्यानं ते आपल्या टेकडीवर पुन्हा उभं केलं. त्याच्यामागे त्याचा बंगला संग्रहालय झाला.

म्हणजे जगात ऑर्लबरी हॉल पुरता कुठेच नव्हता. जो काही होता त्यातला मोठा वाटा या टेकडीवर होता, आणि त्याची देखभाल नागपूरच्या लतिका सोवनीकडे होती.

नागपुरातून आर्किटेक्चर करून ती लग्नानंतर गिरीशबरोबर अमेरिकेला आली, ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. न्यू जर्सीतल्याच आयसेलिनच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटत, लहानग्या इशिताला वाढवत बरीच वर्षं गेली. एका रविवारी मराठी मंडळाच्या सहलीत तिनं हे घर पाहिलं. बाकीची मंडळी हिरवळीवर फोटो काढत होती, आणि लतिका पार्लरमध्ये मान वर करून उभी होती. छतभर डाळिंबं, ओकची पानं, मान मुरडलेली हरणं आणि दुसऱ्या खणात केस विंचरणारी जलपरी. सगळं चुन्याचं, सगळं हातानं केलेलं. पगार न घेता काम करायला तर कुणाची ना नव्हती. पुढच्या मंगळवारपासून ती धूळ पुसायला येऊ लागली.

तिथे साल नावाचा नेवार्कचा म्हातारा गवंडी होता. वडील इटलीहून आलेले, तीन पिढ्यांचा गिलाव्याचा धंदा. शिडीवर चढून बोटाच्या पेरानं छत ठोकायचा आणि तिला म्हणायचा, “ऐक. भरीव आहे की पोकळ?” लतिका ऐकायला शिकली. कळीचा चुना पाण्यात विझवायला, महिनोन्महिने मुरवायला, त्यात बकरीचे केस कालवायला शिकली. तिसऱ्या खणाशी आला की साल तोंड वाकडं करायचा. “हा खोटा. मूळचा जहाजातच फुटला. मालकाला कळू नये म्हणून कंत्राटदारानं दुसऱ्या खणाचा साचा काढून इथे डकवला. बघ, जलपरीच्या चेहऱ्यात जीवच नाही.” ग्रीन कार्ड आल्यावर संग्रहालयानं तिला नोकरीवर घेतलं. साल गेला तेव्हा त्याच्या मुलानं त्याची थापी-नैल्यांची अवजारं तिच्या हाती आणून दिली.

नागपूरच्या नातेवाइकांना मात्र हे कधीच नीट कळलं नाही. ‘पार्लरमध्ये काम करते’ एवढंच ऐकून मावसबहिणीनं फोनवर विचारलं होतं, “ब्रायडल पण करतेस का गं?” आणि मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी म्हणायचंच, “काय लतिकाताई, अजून अमेरिकेला चुना लावताय ना?” सगळे हसायचे. तीही हसायची.

पडझडीनंतर तिसऱ्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक झाली. संचालक मार्जरी मनानं चांगली बाई, पण काळजीनं वाळलेली. तिनं सरळच सांगितलं, “दोन प्रस्ताव आहेत. पहिला असा की उरलेलं छत उतरवून पेटीत ठेवायचं, वर सपाट आधुनिक छत करायचं आणि खोली लग्नसमारंभांना द्यायची. दुसरा लतिकाचा.”

लतिकानं ट्रे आणून टेबलावर ठेवला. त्यात जलपरीचा चेहरा होता, सतरा-अठरा तुकड्यांतून जुळवलेला. एक गाल नव्हता.

“दुसरा खण मी परत उभा करीन,” ती म्हणाली. “निम्म्याहून जास्त तुकडे हाती आहेत, बाकीच्याचे फोटो आहेत. मला वेळ द्या आणि दोन मदतनीस द्या. आता जर हे छत आपण उतरवलं, तर ज्या बाईनं ते नाइलाजानं विकलं तिच्याइतकंही आपण ते सांभाळलं नाही असं होईल. तिच्याकडे निदान दुसरा इलाज नव्हता.”

एका वयस्क विश्वस्तानं ट्रे आपल्याकडे ओढला, चष्मा लावला आणि त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मतदान झालं. दोन वर्षं मिळाली.

ती बातमी घेऊन लतिका घरी आली, तर गिरीशकडेही बातमी होती.

“डॅलस,” तो म्हणाला. “पूर्ण टीम शिफ्ट होतेय. म्हणाले, जा, नाहीतर दुसरी नोकरी बघा. या वयात दुसरं कुठं बघू, यार?”

“कधी?”

“जूनमध्ये. तिकडे घरं मोठी आहेत लतिका. बॅकयार्ड, सगळं. देवळाजवळ आपलीच मंडळी आहेत.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. कुकरची वाफ काचेवर जमत होती.

“मी नाही येणार,” ती म्हणाली.

गिरीशनं लॅपटॉप मिटला. रागावला नाही तो. रागावला असता तर सोपं झालं असतं. थोडा वेळ विचार करून म्हणाला, “ठीक आहे. इशिताची अकरावी आहेच. हायस्कूल संपेपर्यंत मध्येच हलवता येत नाही, असं सांगू सगळ्यांना. आईबाबांना पण ते पटेल.”

“नको.”

“काय नको?”

“इशिताचं नाव नको लावूस. ती कुठंही शिकेल. मी राहतेय कारण माझं काम आहे इथं. तेच सांग.”

“अगं, पण लोक काय...”

“लोकांना मी अठरा वर्षं सांगत आले, गिरीशची नोकरी इकडे आहे म्हणून आम्ही इकडे आहोत. खरंच होतं ते. सांगताना मला कधी कमीपणा वाटला नाही. आता तू एकदा सांगून बघ, बायकोचं काम आहे म्हणून.”

गिरीश उठला. पाण्याचा ग्लास भरला आणि न पिताच ठेवला. “एका छतासाठी,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

“हो. एका छतासाठी.”

जिन्यात उभ्या इशितानं सगळं ऐकलं होतं. “मॉम,” ती नंतर म्हणाली, “दॅट वॉज काइंड ऑफ इंटेन्स.” आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली.

जूनमध्ये गिरीश डॅलसला गेला. महिन्यातून दोनदा विमानानं यायचा, डबे भरून घेऊन जायचा. मंडळात कुजबुज झाली. शोभामावशींनी तर भर कार्यक्रमात विचारलं, “सगळं ठीक आहे ना गं तुमचं?” लतिका म्हणाली, “ठीक आहे मावशी. दोघांनाही एकाच वेळी काम लागलंय एवढंच.”

सकाळी इशिताला शाळेत सोडून ती टेकडीवर जायची. परातींमध्ये तुकडे मांडलेले असायचे, पानं एकीकडे, शेपटीचे खवले एकीकडे, कशाचे ते न कळणारे सगळ्यांत जास्त. पहिला उन्हाळा नुसता जुळवण्यात गेला. मग नव्या पट्ट्या ठोकल्या, आणि एकेक जुनं पान तारेनं, चुन्यानं परत वर चढू लागलं. पाठीवर उताणं पडून, नाकापासून वीतभर अंतरावर काम. मानेत कळा यायच्या. चुन्यानं बोटांच्या टोकांना भेगा पडल्या. पोळी लाटताना पिठात रक्ताचा ठिपका उतरला, तशी इशिता म्हणाली, “आय विल डू इट,” आणि त्या दिवसापासून पोळ्या ती करू लागली. कसल्याही आकाराच्या, पण रोज.

जलपरीचा हरवलेला गाल लतिकानं तीनदा केला. दोनदा सुंदर झाला, म्हणून तिनं तो खरवडून काढला. मूळच्या कारागिराची जलपरी काही रूपसुंदरी नव्हती. दणकट गावरान पोरगी होती, हनुवटी पुढे आलेली. तिसऱ्यांदा गाल त्या पोरीचा झाला.

राहिला तिसरा खण. तिथली खोटी नक्कल चिखलात गेली होती आणि मूळ नक्षी कुणीच पाहिलेली नव्हती. फोटोही नव्हता. इंग्लंडमधून कुठूनही काही मिळालं नाही.

मार्जरी एके दुपारी परांचीवर चढून तिच्याशेजारी येऊन बसली. “एक सुचवू? तिथे तुझं काहीतरी कर. आंब्याची पानं, मोर, कमळ. भारतीय कारागिरानं इंग्लिश छत वाचवलं! वर्तमानपत्रवाले धावत येतील. आणि खरं सांगायचं तर तुझा तो हक्कही आहे.”

लतिकाला क्षणभर मोह झाला. मोर तिला डोळे मिटून काढता आला असता.

“नाही मार्जरी,” ती म्हणाली. “शंभर वर्षं लोक इथे एका नकलेकडे बघून वा वा करत होते. आता माझ्या मोराकडे बघून करतील. मूळचं हरवलंय ते कुणाला कळणारच नाही. तो खण मी सपाट ठेवणार आहे.”

“रिकामा?”

“रिकामा नाही. सपाट.”

गिलाव्याच्या कामात सपाट भागाइतकं अवघड काही नाही. नक्षीत चूक लपते. सपाटीला लपायला जागाच नसते. एवढा मोठा खण एका दमात, चुना सुकायच्या आत, कुठेही सांधा न दिसू देता ओढायचा असतो. पहिल्या दिवशी केलेला तिला पसंत पडला नाही. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्यावर लाटा दिसल्या. तिनं तो सगळा काढून टाकला. मदतनीस हळहळले. दुसऱ्या खेपेला ती सकाळी चढली आणि उतरली तेव्हा तिला पायरीवर बसावं लागलं. पण वर एकही लाट नव्हती.

उद्घाटन मे महिन्यात झालं. मार्जरीनं ऑर्लबरी गावाला आमंत्रण धाडलं होतं. तिथून आठ-दहा जण आले, त्यांत डोरीन नावाची पंच्याऐंशीची बाई होती, काठी टेकत येणारी, गुडघ्यांपर्यंत लोकरी मोजे घातलेली. लतिकानं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“माझ्या वडिलांनी हे उतरवलं,” डोरीन म्हणाली. “अठराचे होते. गावातल्या सगळ्या पोरांना काम मिळालं होतं तेव्हा. करवतीनं खण कापले, भुशात दाबून भरले. जन्मभर सांगत राहिले, आम्ही ते घर पाडलं नाही, उतरवलं. कुणी ‘पाडलं’ म्हटलं की जेवणावरून उठायचे.”

“बरोबर बोलायचे ते,” लतिका म्हणाली. “कडा बघून मला कळलं होतं. घाईनं कापलेलं नाही हे.”

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग काठीनं वर दाखवलं. “आणि तो?”

“तिसरा खण जहाजात फुटला. तिथे काय होतं कुणालाच ठाऊक नाही.” हे म्हणताच लतिकाच्या एकदम लक्षात आलं, हिच्या वडिलांनी तर तो खण पाहिला असणार. “तुमच्या वडिलांनी... कधी सांगितलं होतं का?”

“किती वेळा! एका ख्रिसमसला म्हणाले, गलबत होतं. दुसऱ्या वर्षी नाचणारं अस्वल. माझ्या भावाला सांगितलं, डोकं नसलेला राजा होता.” डोरीन हसली. “शेवटच्या आजारपणात मी विचारलं, बाबा, खरं सांगा, काय होतं? म्हणाले, पोरी, मी कधी बघितलंच नाही. मी हातातल्या खिळ्याकडे बघत होतो. पडला असता तर फोरमननं हाकललं असतं.”

लतिकाही हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. उताणं पडून काढलेल्या त्या दोन वर्षांत तिनंही किती दिवस नुसत्या खिळ्याकडे पाहिलं होतं.

“हा बरा आहे,” डोरीन त्या सपाट खणाकडे बघत म्हणाली. “आमच्याकडेही असंच आहे. घर होतं तिथे आता गवत आहे, मेंढ्या चरतात. पण उन्हाळा कोरडा गेला की जमिनीखाली पाया आहे तिथलं गवत पिवळं पडतं. सगळ्या भिंती उमटतात. या तुम्ही कधीतरी.”

पाहुणे पांगले तेव्हा लतिकाच्या लक्षात आलं, गिरीश दिसत नाहीये. सकाळीच डॅलसहून आला होता, कोट घालून, अवघडल्यासारखा कोपऱ्यात उभा. तो तिला पार्लरच्या मधोमध सापडला, मान मागे टाकून.

“जलपरी त्या तिकडे आहे,” ती म्हणाली.

“बघितली. झकास झालीय.” तो वरच बघत होता. “हा साधा भाग सगळ्यात कठीण गेला ना तुला?”

“तुला कसं कळलं?”

“लोकांना तू बाकीचं सगळं दाखवत होतीस. याच्याकडे एकटीच बघत होतीस.”

ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तो म्हणाला, “ऑफिसात मी सांगितलंय. बायको तिकडे एक जुनं घर परत बांधतेय म्हणून. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. आता लोक येऊन विचारतात, कुठवर आलं?”

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दोघं इंग्लंडला गेली. इशिता तोवर कॉलेजात होती. विमानतळावर सोडताना आईचा फोटो काढून तिनं मैत्रिणींना पाठवला, खाली लिहिलं, माय मॉम, प्लास्टरर. गावात डोरीनच्या पुतण्यानं कुंपणाचं फाटक उघडून दिलं आणि तो मेंढ्या हाकायला निघून गेला. महिनाभर पाऊस नव्हता. उतारावरचं गवत अजून हिरवट होतं आणि त्यावर पिवळ्या रेघांनी घर आखलेलं होतं. कमान, जिन्याची जागा, पूर्वेकडचा तो भाग जो कुठेच उरला नव्हता, सगळं अगदी नेटकं, आर्किटेक्टच्या कागदावर असावं तसं.

लतिका रेघांच्या बाहेरून चालत गेली. कुठेही तिनं भिंत ओलांडली नाही. पार्लरच्या दाराशी रेघ हातभर तुटलेली होती. तिथे ती थांबली, चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि अनवाणी आत गेली.

गिरीश बाहेर उभा राहून पाहत होता. मग तो खाली वाकला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला.